शरद आला: बिनखर्चाचं, बिनसजावटीचं स्वागत कसं करता?

कुरडू (पुणे), 17 सप्टेंबर 2025
पक्ष चालू आहे, नवं काही सुरू करू नये म्हणतात. धाग्यांना ते लागू नसावं.

निमित्त असं की लेकीच्या शाळेतून निरोप आलाय, 26 तारखेला 'ऑटम डे' आहे. मुलांना केशरी-तपकिरी कपडे घाला आणि सोबत वाळलेली पानं द्या. आता सप्टेंबरात पुण्यात वाळलेली पानं आणायची कुठून? आमच्या सोसायटीच्या कंपाउंडच्या भिंतीलासुद्धा सध्या पालवी फुटलीय. एका उत्साही आईने कापडी मेपलच्या पानांचं दीडशे रुपयांचं पाकीट मागवलं, ग्रुपवर लिंक टाकली आणि तासाभरात निम्म्या वर्गाच्या ऑर्डरी गेल्या.

राग नाही आला, पण चुटपुट लागली. पानगळ आपल्याकडे शिशिरातली. सावर, पांगारा, पळस ओकेबोके होतात ते जानेवारी-फेब्रुवारीत. आश्विन-कार्तिकातला आपला शरद म्हणजे भरलेली तळी, पिवळी पडत चाललेली भातखाचरं, सोनकीने झाकलेले डोंगर आणि पहाटे झाडाखाली पडलेला पारिजातकाचा सडा. तर तुमच्या गावात शरद आला हे कशावरून कळतं आणि तुम्ही त्याचं साधंसं काय करता, ते लिहा. दोनच अटी: दुकानातली सजावट नको आणि त्यासाठी रजा टाकावी लागू नये.

माझ्यापासून सुरुवात. पावसाने जरा उघडीप दिली की मी घर उन्हात काढते. गाद्या-गोधड्या गच्चीच्या कठड्यावर, डाळी-तांदूळ जुन्या धोतरावर पसरून, पुस्तकं उघडून उभी ठेवून. पावसाळाभर मुरलेला कुबट वास एका दुपारीत जातो. पुस्तकांना मात्र थेट ऊन नको, सावलीतला वारा पुरतो, नाहीतर पुठ्ठे वाकतात. संध्याकाळी गोधडी घरात आली की लेक आधी तिच्यात तोंड खुपसते. आमचा शरद तिथून सुरू.

खाष्टकाका (मुंबई), 17 सप्टेंबर 2025
शरद पंचांगात असतो. मुंबईत पावसाळा संपतो आणि ऑक्टोबर हीट सुरू होते. घामोळ्यांची पावडर आणणे हाच आमचा सोहळा.

रानवाट (भोर), 17 सप्टेंबर 2025
काका, ऑक्टोबर हीट हाच शरद. आपले पूर्वज त्याला फसलेले नव्हते. 'वैद्यानां शारदी माता' हे वचन उगाच नाही आलं: शरद ही वैद्यांची आई, कारण या दिवसांत पित्त खवळतं आणि त्यांचं दुकान चालतं. आकाश निरभ्र, जमीन अजून ओली, वारा पडलेला, आणि समुद्राकडून येणारं वारं जाऊन जमिनीवरचं सुरू होण्याच्या मधली ही गोची. तापमान मे महिन्याइतकं नसूनही जीव नको होतो तो दमटपणामुळे.

म्हणूनच या दिवसांतलं खाणं बघा: दूध, तूप, भात, खडीसाखर, आवळा. कोजागिरीचं गार दूध त्याच यादीतलं.

तारखाच हव्या असतील तर हवामान खात्याच्या 2020 मध्ये सुधारलेल्या वेळापत्रकाप्रमाणे पाऊस पश्चिम राजस्थानातून 17 सप्टेंबरला, म्हणजे आजच, माघारी निघायला हवा आणि मुंबईतून 8 ऑक्टोबरला. यंदा राजस्थानातून तो 14 तारखेलाच निघालाय. आपल्याकडून कधी हलेल ते त्यालाच ठाऊक.

आता माझं स्वागत. आमच्याकडे शरदाची वर्दी धोबी देतो. इस्त्रीवाला नव्हे, पक्षी. शेपटी सतत खाली-वर हलवत ओढ्याकाठी, मैदानात, पार्किंगमध्येही चालत असतो. संस्कृत कवींचा खंजन तो हाच. हिमालय आणि त्याच्याही पलीकडून सप्टेंबरात येतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत जातो. पहिला धोबी दिसला की मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेला 'धो' लिहितो. जुनी कॅलेंडरं टाकत नाही. बाकी काही करत नाही.

कुरडू, 17 सप्टेंबर 2025
'धो' आवडला. बायको दुधवाल्याच्या खाड्यांशी घोळ घालत नाही ना?

रानवाट, 17 सप्टेंबर 2025
घालते. एकदा धोब्याचे पैसे कापले होते.

तळकोकण (कुडाळ), 18 सप्टेंबर 2025
आमच्याकडे शरद दारावर बांधतात. नवान्न पौर्णिमा, म्हणजे तुमची कोजागिरी. त्या दिवशी 'नवं' बांधायचं. भाताची लोंबी, नाचणीचं आणि वरीचं कणीस, कुरडूची फुलं (धागाकर्तीचा मान!), झेंडू, सगळं आंब्याच्या पानात घेऊन दोऱ्याने जुडी बांधायची. एक जुडी देवाला, एक मुख्य दाराला, मग तुळशीला, विहिरीला, नांगराला, धान्याच्या कणगीला. आमचे आजोबा गोठ्याच्या खांबालाही बांधायचे आणि शेवटी स्वतःच्या सायकलच्या हँडलला. हल्ली वडील मोटरसायकलला बांधतात. नव्या तांदळाचा भात किंवा खीर त्याच दिवशी पहिल्यांदा ताटात येते, तोपर्यंत नवं धान्य खायचं नाही.

आता कापणी मागेपुढे होते, त्यामुळे पौर्णिमेला लोंबी पुरती पिकलेली असतेच असं नाही. हिरवट असली तरी चालवून घेतात. शेती नसलेले शेजाऱ्याच्या मळ्यातून दोन लोंब्या मागून आणतात आणि त्याला कुणी नाही म्हणत नाही. मुंबईला असताना आई एसटीने येणाऱ्या माणसाच्या हाती जुडी पाठवायची. पोचेपर्यंत निम्मे दाणे पिशवीत गळलेले, पण आम्ही ती भाड्याच्या खोलीच्या कडीला बांधायचोच. वर्षभर तिथेच असायची, पुढच्या वर्षी नवी आली की जुनी झाडाच्या मुळाशी.

झुआरी (म्हापसा), 18 सप्टेंबर 2025
गोव्यात नवें आमचं चवथीतच होऊन जातं, भाताच्या कोवळ्या कणसांनी. कोजागिरीपर्यंत आम्ही थांबत नाही.

वऱ्हाडी ठेचा (अमरावती), 18 सप्टेंबर 2025
आमच्याकडे तर शरद येऊन बसला पण! भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसतात त्या कोजागिरीपर्यंत, महिनाभर. मातीचे भुलोजी-भुलाबाई, म्हणजे शंकर-पार्वती. भुलाबाई माहेरपणाला आलेली, म्हणून तिचे लाड. रोज संध्याकाळी पोरी आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी, टिपऱ्या घेऊन गाणी म्हणतात आणि शेवटी खिरापत ओळखायची. कोजागिरीच्या रात्री ज्वारीच्या धांड्यांचा मांडव करून त्याखाली त्यांना बसवायचं, मग दूध. खानदेशात हीच गुलाबाई.

आता फ्लॅटमध्ये महिनाभर कोण करतं जी. आमच्या कॉलनीत पाच दिवस करतात, शेवटचे. खिरापतीत चिप्सचं पाकीट चालत नाही एवढा नियम मात्र पाळतो, कारण डबा हलवला की लगेच ओळखू येतं.

हातगाडीवरचा हत्ती (कोल्हापूर), 18 सप्टेंबर 2025
खिरापतीचा विषय निघाला की आम्ही हादगेवाले गप्प बसणार नाही.

सूर्य हस्त नक्षत्रात जातो साधारण 27 सप्टेंबरला, तेव्हा हादगा बसतो आणि आमच्याकडे तो 16 दिवसांचा. पुण्याकडे घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंतचा भोंडला, तो नऊ दिवसांचा. पाटावर खडूने किंवा तांदळाने हत्ती काढायचा, भोवती फेर. पहिल्या दिवशी एक गाणं, एक खिरापत. दुसऱ्या दिवशी दोन. असं वाढत जायचं. सोळाव्या दिवशी सोळा खिरापती म्हटल्यावर घरातल्या बायांचं काय होत असेल ते विचारू नका. आमच्या आईने शेवटच्या दिवसांत साखर, फुटाणे, शेंगदाणे, गूळ, खोबरं, बेदाणे असं एकेक मोजून भरती केलेली मला आठवते. पोरींना कळायचं, पण खाताना कुणी तक्रार केली नाही.

खिरापत लपवायची खरी कला पाट्या-डब्यांत असते. वाजणारा पदार्थ फडक्यात गुंडाळून डब्यात. वासाचा पदार्थ दोन झाकणांत. आणि ओळखणाऱ्यांना "गोड का तिखट?" एवढंच विचारायची मुभा. साधं स्वागत म्हणाल तर हाच: गच्चीवर एक पाट, एक हत्ती, चार घरच्या पोरी-बायका आणि एक डबा. पोरगेही नाचतात आता, बिघडत काही नाही.

खाष्टकाका, 18 सप्टेंबर 2025
आमच्या सोसायटीत भोंडला स्पीकरवर लावतात. बायका फेर कमी, रील जास्त करतात. हत्ती बॅनरवर छापून आणला होता. त्याला सोंड दोन्ही बाजूंनी कापलेली.

कुरडू, 18 सप्टेंबर 2025
काका, तुम्ही पाट घेऊन उतरा खाली. हत्ती मी शिकवते काढायला.

खग्रास (नाशिक), 19 सप्टेंबर 2025
पूर्ण फुकट आणि घरबसल्या करता येणारं एक सांगतो.

22 सप्टेंबरला शरद विषुव आहे. योगायोगाने यंदा घटस्थापनाही त्याच दिवशी. त्या सुमारास दिवस-रात्र जवळपास सारखे आणि सूर्य नेमका पूर्वेला उगवतो, नेमका पश्चिमेला मावळतो. ज्यांची गॅलरी पूर्वेला किंवा पश्चिमेला आहे त्यांनी त्या दिवशी एका ठरावीक जागी उभं राहून, सूर्य समोरच्या कुठल्या इमारतीच्या कुठल्या कोपऱ्याला दिसतो त्याची ग्रिलवर खडूने खूण करावी. मग दर रविवारी त्याच जागेवरून बघत राहा. 21-22 डिसेंबरला तो आपल्या अक्षांशावर तब्बल 25 अंश दक्षिणेला सरकलेला असतो. हात लांब करून मूठ धरली की साधारण 10 अंश, म्हणजे अडीच मुठी. मुलांना पुस्तकातलं दक्षिणायन एका ग्रिलवर दिसतं.

दुसरं, अगस्ती. पहाटे 5 वाजता दक्षिणेकडे, किंचित पूर्वेला कलून, क्षितिजापासून फार वर नाही असा एक ठसठशीत पांढरा तारा दिसेल. व्याधानंतर आकाशातला सगळ्यांत तेजस्वी तारा तोच. आपल्याकडून तो जेमतेम 18-19 अंशांपर्यंत चढतो, त्यामुळे दक्षिणेला उंच इमारत असेल तर विसरा. शरदात अगस्ती उगवला की गढूळ पाणी निवळतं असं जुने लोक म्हणत. आयुर्वेदात दिवसा उन्हाने तापलेल्या, रात्री चांदण्यात निवलेल्या या दिवसांतल्या पाण्याला हंसोदक म्हणतात. पावसाचा जोर सरला की नदीतला गाळ खाली बसतो, एवढं आपण नक्की म्हणू शकतो.

शनीसुद्धा बघून घ्या. 21 तारखेला तो प्रतियुतीत आहे, म्हणजे सूर्य मावळला की पूर्वेला हजर. कोजागिरीला, 6 ऑक्टोबरला, तो चंद्राच्या जवळपासच असेल.

आजीची वाटी (सांगली), 19 सप्टेंबर 2025
खग्रास दादा, अगस्तीवरून आठवलं. हादग्याच्या झाडाला अगस्ताही म्हणतात, आणि तो फुलतो याच दिवसांत. त्याच्या फुलांची भाजी म्हणजे आमच्या घरी शरदाची पहिली भाजी. कृती देते, कुणाच्या परसात झाड असेल तर वाया घालवू नका.

पांढरी फुलं आणि कळ्या घ्यायच्या, पूर्ण उमललेली जुनी नकोत. प्रत्येक फूल उघडून आतला लांब तुरा खुडून टाकायचा, कडूपणा तिथे असतो. देठाकडचा हिरवा भागही काढायचा. फुलं धुऊन, घट्ट पिळून, जाडसर चिरायची. तेलात मोहरी, हिंग, हळद, भरपूर कांदा. कांदा मऊ झाला की हिरवी मिरची आणि फुलं. फुलांना पाणी सुटतं म्हणून वर पाणी घालायचं नाही. पाच मिनिटांनी मीठ, चिमूटभर गूळ आणि वरून दोन चमचे बेसन भुरभुरून झाकण. दोन वाफा आल्या की झाली. थोडी कडसर लागते, ती लागू द्या. भाकरीबरोबर छान. बिया धरलेल्या शेंगांचंही करतात, पण मला फुलंच आवडतात.

टोरांटोकर, 20 सप्टेंबर 2025
कापडी मेपलची पानं! इथे आम्ही ती पोती भरभरून रस्त्याच्या कडेला ठेवतो, महापालिका घेऊन जाते. कुरडूताई, पत्ता द्या, खोकं पाठवतो.

चेष्टा सोडा. इथला पानांचा रंग खरंच दृष्ट लागण्यासारखा असतो आणि त्यामागचं कारण मुलीला समजावताना मलाच नव्याने कळलं. पिवळा रंग पानात आधीपासून असतो, हिरवं हरितद्रव्य मोडलं की तो दिसू लागतो. लाल मात्र पान जाता जाता नव्याने तयार करतं, आणि दिवसा लख्ख ऊन, रात्री थंडी पण गोठण नाही, असे दिवस मिळाले तर तो जास्त खुलतो. म्हणून एखाद्या वर्षी डोंगर पेटल्यासारखा, तर एखाद्या वर्षी नुसता तपकिरी.

आमचा भोंडला बेसमेंटमध्ये, शनिवार बघून. हत्ती पाटावर नाही, पुठ्ठ्यावर, आणि फुलांऐवजी त्याच्याभोवती मुलांनी वेचून आणलेली लाल-पिवळी पानं. ती इथली, म्हणून शोभतात. खिरापतीत एकदा सफरचंदाचा शिरा होता. बागेत जाऊन स्वतः तोडलेल्या सफरचंदांचं दुसरं करणार काय, वीस-वीस पौंड होतात.

दक्षिणगोल (मेलबर्न), 20 सप्टेंबर 2025
आमचं सगळंच उलटं. इथे आत्ता वसंत लागलाय, घट बसतील तेव्हा चेरीला बहर असेल. पानं लाल होतात एप्रिल-मेमध्ये. म्हणजे गुढी उभारतो ती शरदाच्या तोंडावर. पहिल्या वर्षी कडुलिंब मिळेना तेव्हा कसंनुसं झालं होतं, आता सरळ मान्य केलंय: पाडव्याच्या दुपारी मुलांना घेऊन ओक आणि एल्मच्या रस्त्यावर फिरायला जातो, येताना पहिलं रंग बदललेलं पान शोधायची पैज. श्रीखंड रात्री.

कोजागिरीचा चंद्र तोच, पण इथून उलटा दिसतो. आकाश बघणारे दादा सांगतीलच. ससा डोक्यावर उभा.

तोक्योवासी, 21 सप्टेंबर 2025
चंद्राचा विषय आहे म्हणून. जपानमध्ये चंद्रदर्शनाचा सण असतो, त्सुकिमी. जुन्या चांद्र पंचांगाच्या आठव्या महिन्यातली पंधरावी रात्र. बहुतेक वर्षी तो आपल्या भाद्रपद पौर्णिमेच्या आसपास येतो, म्हणजे कोजागिरीच्या महिनाभर आधी. पण यंदा त्यांच्या पंचांगात अधिक महिना आलाय आणि आपल्या नाही, त्यामुळे त्सुकिमी आणि कोजागिरी दोन्ही 6 ऑक्टोबरलाच.

त्यांची मांडणी साधी: खिडकीत तांदळाच्या पिठाचे पांढरे गोळे रचलेले आणि फुलदाणीत सुसुकी नावाचं तुऱ्याचं गवत. हे गवत थेट आपल्या काशाच्या तुऱ्यासारखं. शेजारच्या आजींना मी यंदा मसाला दूध नेऊन देणार आहे, त्या गोळे देतील. चारोळी इथे मिळत नाही, पिस्त्यावर भागवते.

धाराशिवकर, 24 सप्टेंबर 2025
धागा छान आहे, वाचतोय. पण धुतलेलं आकाश, चांदणं वगैरे आमच्याकडे नाही सध्या. दोन दिवसांपासून भूम-परंड्याकडे जे चाललंय ते बातम्यांत बघतच असाल. सीनेचं पाणी गावात, सोयाबीन काढणीला आलेलं ते पाण्याखाली, जनावरं गेली लोकांची. आमच्या शेतात गुडघाभर पाणी आहे आणि खालची माती वाहून गेली ते वेगळंच. पीक एक वेळ पुन्हा येईल, माती कुठून आणायची?

आमचा शरद म्हणजे सोयाबीनची रास. खळ्यावर मशीन आलं की गावभर भुसा उडतो, सगळ्यांच्या भुवया पिवळ्या. त्या पैशावर दिवाळी आणि रब्बीची ज्वारी.

आईनं घट बसवले मात्र. पत्रावळीवर वावरातलीच ओली माती घातली, मी म्हणलं हिला वेगळी भिजवायची पण गरज नाही. तरवडाच्या फुलांची माळ असते आमच्याकडं रोज, ते बांधावर भेटलं, तरवडाला काही होत नाही.

कुरडू, 24 सप्टेंबर 2025
दादा, तुमचं घर आणि माणसं सुखरूप आहेत ना? काय लागतंय ते सांगा. मी व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

तळकोकण, 24 सप्टेंबर 2025
आमच्याकडच्या भातबियाण्याचा तिथे उपयोग नाही, नाहीतर आजच पाठवलं असतं. चारा लागत असेल तर बोला, टेम्पोची सोय करता येते का बघतो.

धाराशिवकर, 25 सप्टेंबर 2025
माणसं ठीक आहेत. चाऱ्याचं खरंच बघा, ते सगळ्यात आधी लागतंय. तळकोकण, तुमच्या व्यनिला नंबर टाकलाय. आणि धागा थांबवू नका हो माझ्यामुळं. आई रात्री फोन मागून घेऊन वाचत बसते, हादग्याची भाजी तिला पटली नाही, ती बेसन नाही घालत.

आजीची वाटी, 25 सप्टेंबर 2025
आईंना सांगा, बिनबेसनाची जास्त चांगली होते, पण पुरवठ्याला येत नाही.

कुरडू, 26 सप्टेंबर 2025
शाळेचा दिवस झाला. लेकीने एका पाटीत नेलं: कुरडूचे चार तुरे, टेकडीवरची सोनकी, भाताची लोंबी (मावळातल्या मावशीकडून), पारिजातकाची मूठभर फुलं, ओल्या भुईमुगाचं एक मुळासकट रोप आणि एक सीताफळ. बाईंनी ते मधल्या टेबलावर ठेवलं. शेंगा मधल्या सुट्टीत संपल्या. भुईमूग जमिनीखाली लागतो हे तिच्या वर्गातल्या बऱ्याच जणांना माहीत नव्हतं, त्यावर वीस मिनिटं गेली म्हणे.

सातवीणवैरी (ठाणे), 27 सप्टेंबर 2025
शरदाचं एवढं कौतुक चाललंय, तर सातवीणीबद्दल कुणीच कसं बोलत नाही? ऑक्टोबर लागला की आमच्या रस्त्यावरची झाडं फुलतात आणि संध्याकाळपासून तो जड, गोड, डोक्यात जाणारा वास. खिडक्या बंद कराव्या लागतात. महापालिकांनी रस्तोरस्ती तीच लावून ठेवलीत.

रानवाट, 27 सप्टेंबर 2025
सप्तपर्णी हे शरदाचं अगदी खास झाड. एकेका जागी सात-सात पानं गोलाकार, म्हणून नाव. दोष झाडाचा नाही, ओळीने पन्नास लावण्याचा. रानात एखाददुसरं असतं आणि वाऱ्यावर लांबून वास येतो तेव्हा तुम्हीही थांबाल.

सातवीणवैरी, 27 सप्टेंबर 2025
लांबूनच असू दे.

रानवाट, 28 सप्टेंबर 2025
आणखी एक, मुलांसाठी. मोकळ्या मैदानावर सध्या पिवळट चतुरांचे थवे घिरट्या घालताना दिसतील, जमिनीवर बसता बसत नाहीत. हेच चतुर पाऊस सरला की ईशान्येकडून वाहणाऱ्या वाऱ्यावर स्वार होऊन समुद्र ओलांडतात असं संशोधक मानतात. मालदीवमध्ये ऑक्टोबरपासून त्यांचे लोंढे उतरतात आणि पुढे सेशेल्स, पूर्व आफ्रिका. जेमतेम चार-पाच सेंटिमीटरचा किडा. त्याच्या शेपटीला दोरा बांधायची आपली जुनी खोड मुलांना शिकवू नका.

हातगाडीवरचा हत्ती, 1 ऑक्टोबर 2025
उद्या दसरा. सोन्याबद्दल एकच विनंती. आपट्याच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडून विकायला येतात, त्यातलंही बरंचसं कांचन असतं. आपट्याचं पान लहान, जाडसर, रुंदीला जास्त. कांचनाचं मोठं आणि पातळ. घरात एकच पान आणा आणि तेच एकमेकांना द्या-घ्या. आम्ही त्यापेक्षा घटातलं उगवलेलं धान्य देतो. नऊ दिवसांत वीतभर होतं, पिवळसर पोपटी. पुरुषांच्या टोपीत, बायकांच्या अंबाड्यात. त्याला कुणाची फांदी मोडावी लागत नाही.

खाष्टकाका, 3 ऑक्टोबर 2025
काल दिलं. टक्कल असल्याने कानावर खोवावं लागलं. नातवाने फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

वऱ्हाडी ठेचा, 5 ऑक्टोबर 2025
उद्या कोजागिरी. दुधाचं प्रमाण सांगा कुणीतरी. आणि आश्विनी करता का तुमच्याकडे? आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या मोठ्या लेकराला ओवाळतात. मी धाकटा, त्यामुळे चाळीस वर्षं नुसता बघतोय.

आजीची वाटी, 5 ऑक्टोबर 2025
करतो ना. मोठ्याला ओवाळायचं, धाकट्याच्या हातात पहिला पेला. तंटा मिटतो.

प्रमाण: दोन लिटर म्हशीचं दूध जाड बुडाच्या पातेल्यात, मंद आचेवर, दीड लिटर होईपर्यंत. कडेची साय सतत आत ढकलायची. साखर आठ ते दहा चमचे, तीही आटल्यावर. बदाम-पिस्ते भरड, पूड नको, तळाशी गाळ होतो. चारोळी मूठभर, वेलची, केशर कोमट दुधात आधी भिजवलेलं. जायफळ शेवटी आणि अगदी थोडं, किसणीवर दोनदा फिरवलं की बास. जास्त झालं तर को जागर्ति विचारायला लक्ष्मी येईल तेव्हा सगळे घोरत असतील. पातेल्यावर पातळ पांढरं फडकं बांधून चांदण्यात ठेवा, मांजरांचा बंदोबस्त ज्याने त्याने करावा.

खग्रास, 5 ऑक्टोबर 2025
पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळायच्या सुमारासच पूर्वेला उगवतो, तेव्हा दूध आटेपर्यंत थांबू नका. आधी गच्चीवर जाऊन उगवता बघा, मग गॅस लावा. 2023 च्या कोजागिरीला मध्यरात्रीनंतर खंडग्रास ग्रहण होतं, आमच्याकडे अर्ध्या लोकांनी दूध आठलाच पिऊन टाकलं होतं. यंदा तसं काही नाही.

सातवीणवैरी, 6 ऑक्टोबर 2025
आमच्या सोसायटीत आज कोजागिरीला डीजे आहे. साडेदहापर्यंत. कुणाला गच्ची रिकामी असलेली इमारत माहीत आहे का? दूध मी आणतो.

खाष्टकाका, 6 ऑक्टोबर 2025
मुलुंडला या. लिफ्ट सातव्यापर्यंतच जाते, पुढे जिना. ओल्या शेंगा उकडून ठेवल्यात, पाट आणि खडूही आहे. हत्तीची सोंड मला अजून जमलेली नाही.

तळकोकण, 6 ऑक्टोबर 2025
घराक नवा बांधून झाला. चाऱ्याचा टेम्पो परवा परंड्याला पोचला, पावती धाराशिवकरांना पाठवली आहे.

धाराशिवकर, 6 ऑक्टोबर 2025
मिळाला. आई विचारतेय, वरीचं कणीस दिसतं कसं? फोटो टाका.